मस्कतचा कौल

“कोकम करू की लिंबू, गो वृषाली?” मंजूकाकीने विचारलं.

“काहीही,” आत्या म्हणाली.

“काहीही म्हणजे काय? ह्या हातात आगळाची बाटली आसा, ह्या हातात लिंबू. सांग ना.”

“तुम्ही कराल ते, काकी.”

काकीने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. ओट्यावर पंखा गरगरत होता, खाडीवरून गरम वारा येत होता, आणि माझे हातपाय मात्र गार पडले होते.

तुम्हाला वाटेल, सरबतावरून हातपाय गार पडणारी ही कोण नाजूक राजकन्या! पण तुम्ही माझ्या आत्याला आधी बघितलेलं नाही. वृषाली परब, दातांची डॉक्टर, ठाणे. ही बाई साडीच्या दुकानात चपला काढता काढताच “ती हिरवी, वरून तिसरी” म्हणायची आणि तीच घेऊन बाहेर पडायची. हॉटेलात मेन्यूकार्ड उघडायचीच नाही. बाबांची गाडी, आईच्या चष्म्याची फ्रेम, माझं सायन्स प्रोजेक्ट, सगळं तिने ठरवलेलं. आणि तसाच तिने निमिष ठरवला होता. कॉलेजपासूनचा, तोही दातांचाच डॉक्टर. घरात तो कुणाला फारसा आवडला नव्हता, पण आत्याने ठरवलं म्हणजे ठरलं. दोघांनी मिळून दवाखाना काढला, साखरपुडा झाला, लग्नाचा हॉल ठरला. आणि मार्चमधल्या एका संध्याकाळी, खुर्चीत पेशंट आ करून बसलेला असताना, निमिषने तिला बाजूला घेऊन सांगितलं की त्याला ‘अजून खात्री वाटत नाही’. नंतर कळलं, कॅनडाची त्याला पक्की खात्री होती. तो गेलासुद्धा.

आत्या रडली नाही. भांडली नाही. तिने फक्त ठरवणं बंद केलं. चहा की कॉफी, खिडकी उघडी की बंद, पिवळा ड्रेस की निळा, सगळ्याला एकच उत्तर. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “मी ठरवलेल्या गोष्टींचं काय होतं ते बघितलंस ना, मैतू?” तिच्या रडण्याची मला इतकी भीती वाटली नसती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आईने आम्हा दोघींना आरवड्याला धाडलं. वेंगुर्ल्याच्या पुढे, खाडीकाठी, आमच्या आबाकाकांच्या घरी. आबाकाका म्हणजे बाबांचे आणि आत्याचे चुलत काका, आणि मंजूकाकी त्यांची बायको. मीही त्यांना आबाकाकाच म्हणते. “तिच्याबरोबर राहा. तिला हसव,” आईने मला बजावलं.

मला! आज दहावीत माझ्या हातातला माईक काढून घ्यायला आमच्या बाईंना स्टेजवर यावं लागतं, ही गोष्ट खरी. पण तेव्हा मी नुकतीच आठवीची परीक्षा दिली होती, आणि हजेरीला “येस मॅडम” म्हणतानासुद्धा माझी बोबडी वळायची. वर्गात बसलेली असताना माझी गैरहजेरी लागायची. कुत्रा, पाल, डॉक्टर, अंधारा जिना, अनोळखी पाहुणे, ओळखीचे पाहुणे, सगळ्यांना मी घाबरायचे. अशी मुलगी कुणाला काय हसवणार?

पण ते काम बंड्याने केलं. बंड्या म्हणजे आबाकाकांचा कुत्रा. तांबडा, दांडगा, आणि माझ्या मते थेट माझ्यासाठीच जन्माला आलेला राक्षस. आम्ही गेलो तेव्हा त्याचा गाल सुजला होता आणि तो काही खात नव्हता. आबाकाकांनी गुरांच्या डॉक्टरला निरोप धाडला.

डॉक्टर आला तो कपाळाला गंध लावून, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, आणि खांद्याला इंजेक्शनांची बॅग अडकवून.

“ह्यो आमचो दिगू,” आबाकाका म्हणाले. “डॉक्टर दिगंबर गुरव. देवळातली पूजा करून तसोच इलो. बापूस बाबी गुरव आंब्याच्या कलमावरसून पडलो, खांदो मोडून घेतल्यान, म्हणून सध्या देव पण हेच्याकडे आणि ढोरा पण हेच्याकडे.”

दिगूने बंड्याच्या जबड्यात फडक्याची पट्टी अडकवून तोंड उघडलं आणि आत वाकून बघितलं. “दाताचा तुकडा उडालाय. पण मुळाशी पू आहे तो नेमका कुठल्या…”

“वरची चौथी,” मागून आवाज आला.

आम्ही सगळे वळलो. आत्या दाराला टेकून उभी होती.

“चौथी उपदाढ. डोळ्याखाली सूज आहे म्हणजे तीच. भूल द्या आणि काढा. थांबू नका.”

“तुम्ही डॉक्टर आहात?” दिगूने विचारलं.

“माणसांची. दात दातच असतो.”

“नसतो ना, मॅडम. कुत्र्याच्या ह्या दाढेला तीन मुळं असतात. सरळ ओढली तर एखादं आत राहतं.”

“मग तिचे तीन तुकडे करा आणि एकेक काढा.”

“ते एकट्याने होत नाही.”

आत्याने बाह्या वर सारल्या. मग म्हणाली, “हात कुठे धुऊ?”

बॅटरी धरायचं काम माझ्यावर आलं. बंड्याला भूल दिली होती, तो घोरत होता, तरी माझी पाचावर धारण बसलेली. हात असे लटपटत होते की बंड्याच्या तोंडात नुसती दिवाळी चालली होती.

“ताई, उजेड दाढेवर,” दिगू म्हणाला. “माझ्या नाकाचं काही काढायचं नाहीये.”

आत्या हसली. नाकातून, पुसटसं, पण हसली. पुढे ते दोघं बंड्याच्या तोंडावर डोकी टेकवून भांडत बसले. “तुम्ही फार जोर लावता.” “तुमचे पेशंट चावत नाहीत म्हणून.” “चावतात. लहान मुलं तर कचकचून चावतात.” तिसरं मूळ निघालं तेव्हा आत्याने ते चिमट्यात धरून उन्हात बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे मी मार्चनंतर पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर बंड्या दुसऱ्याच दिवशी मच्छीचं कालवण आणि भात चापून खायला लागला. पण डॉक्टरची फेरी काही चुकेना. सकाळी पूजा आटोपली की दिगू हजर. बंड्याचं तोंड बघायचा, “अजून दोन दिवस बघायला हवं” म्हणायचा, आणि मग ओट्यावर बसून आत्याशी बोलायचा. म्हशीच्या दातांवरून वय कसं ओळखतात, बोकड चेकाळला की काय करतात, असलं काहीतरी. आत्या ऐकायची. मध्येच एखादा प्रश्न विचारायची. काकी आतून चहा पाठवताना माझ्याकडे बघून भुवया उडवायची. मी घाबरून दुसरीकडे बघायचे.

आणि मग आबाकाकांनी मस्कत आणलं.

मस्कत म्हणजे स्थळ. मूळचे सावंतवाडीकडचे, मस्कतला मोठ्या हॉटेलात नोकरी, सुट्टीवर आलेले. नाव काहीतरी चांगलंच होतं, पण मी आणि काकी त्यांना मस्कतच म्हणायचो. आंब्याची पेटी घेऊन आले, पंख्याखाली बसले, तिकडे घरात, गाडीत, लिफ्टमध्ये सगळीकडे एसी असतो ते सांगितलं. हसून बोलले, काकीच्या पाया पडले. माणूस मुळीच वाईट नव्हता. मला त्याचीच धडकी भरली. वाईट असता तर कुणीतरी नाही म्हटलं असतं.

ते गेल्यावर आबाकाकांनी विचारलं, “मगे? काय म्हणतंस, वृषाली? तेका परत जाऊच्या आधी उत्तर होया.”

दिगू त्या वेळी ओट्याच्या टोकाला बंड्यासाठी गोळी काढत होता. आत्याने कुणाकडेच बघितलं नाही.

“देवाला विचारा, आबाकाका,” ती म्हणाली. “कौल लावा. देव सांगेल ते करीन.”

मला वाटलं तिने गंमत केली. पण आबाकाकांचे डोळे भरून आले. गावात कुठलीही मोठी गोष्ट करायची तर रवळनाथाला कौल लावायची रीत. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना फुलांचे ओले कळे चिकटवतात. उजवा कळा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. आणि आत्याने एकदा शब्द दिला की ती तो मोडत नाही, हे तर मला सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. म्हणजे एक फूल सुकून गळणार, आणि आत्या मस्कतला जाणार! ज्या माणसाबरोबर ती एक पेला सरबत प्यायली, त्याच्याबरोबर!

“दिगू,” आबाकाकांनी हाक मारली. “रविवारी सकाळी कौल लावचो आसा. तूच लावतलंस मा? बाबी तर हात गळ्यात बांधून बसलो हा.”

“व्हय,” दिगू म्हणाला. आणि बंड्याची गोळी स्वतःच्या तोंडात टाकून वर पाणी प्यायला.

मी हे बघितलं. सांगायला तोंडही उघडलं. पण आवाज आलाच नाही.

त्या दिवशी दुपारभर मी आत्याच्या मागे मागे फिरले. ती केस विंचरत होती तेव्हा कसंबसं विचारलं, “उजवा पडला आणि तुला जायचं नसलं तर?”

“मला काय हवंय ते मला कळत नाही, मैतू. कळतं असं वाटायचं. आता त्यावर माझाच भरवसा नाही. देवावर तरी आहे.”

“पण दिगूडॉक्टर…”

“त्यांचं काय?” ती एकदम वळून म्हणाली. कंगवा हातातच राहिला. मी घाबरले आणि म्हटलं, “त्यांनी कुत्र्याची गोळी खाल्ली.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आरशाकडे वळली. आरशात तिचे ओठ हलले, हसू दाबल्यासारखे, पण ती एवढंच म्हणाली, “शब्द दिलाय मी.”

शेवटी शनिवारी मी जीव मुठीत धरून देवळात गेले. एकटी. वाटेत दोन बैल, एक गावठी कोंबडा आणि एक बाई भेटली, चौघांनाही मी वाट दिली. दिगू चिंचेने समया घासत बसला होता.

“डावा पाडा,” मी म्हणाले. आयुष्यात कुणाला आज्ञा करायची ती माझी पहिलीच वेळ, आणि तीसुद्धा इतकी हळू की त्याला मला दोनदा विचारावं लागलं.

“कौल कुणी पाडत नाही, ताई,” तो म्हणाला. “लावायचा असतो. पाडणारा तो.” त्याने गाभाऱ्याकडे मान केली.

“पण एका कळ्याला जास्त पाणी लावलं, दुसऱ्याला कमी लावलं तर?”

“तर ती लबाडी. मग हा पाषाण आणि रस्त्यावरचा मैलाचा दगड सारखाच.” तो पुन्हा समई घासायला लागला. ती केव्हाच लखलखीत झाली होती. “उजवा पडला तर ती खरंच जाईल?”

“आत्या शब्द मोडत नाही.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. त्याच्या हातातली चिंच खाली पडली. माझ्या लक्षात आलं की इथे घाबरलेली मी एकटीच नाहीये. त्यामुळे धीर यायचा सोडून मला आणखीच कापरं भरलं. मोठी माणसंसुद्धा अशी घाबरतात?

रविवारी सकाळी सभामंडप भरला होता. परबांच्या मुलीचा कौल म्हटल्यावर ज्यांचं देवळात काही काम नव्हतं तेही आले होते. ढोलवाला कोपऱ्यात, बायका एका बाजूला, मानकरी पुढे, त्यांच्यात पांढरा सदरा घातलेले आबाकाका. बाबी गुरव हात गळ्यात बांधून खांबाला टेकून बसलेले. आत्या हात जोडून उभी, चेहरा अगदी कोरा. मी तिचा पदर पकडला होता. भीती आत्याची होती की माझी, मला आता वेगळं करता येत नव्हतं.

आमच्या आधी एक-दोन गाऱ्हाणी झाली. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने आपलं म्हणणं मांडायचं. गुरव एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे एका सुरात होकार देतात. “बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराची गाय घराक येवक नाय!” “व्हय म्हाराजा!” “ती खय चुकली असात थयसून तिका सुखरूप हाड रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” काकी माझ्या कानात कुजबुजली, “होकार देवक होयो हां. होकार नसलो तर गाऱ्हाणा देवापर्यंत पोचणा नाय, थयच लटकता.”

मग आमची पाळी आली. दिगूने पाषाणावर पाणी घातलं. कळे तबकात भिजत होते. तो देवाकडे तोंड करून उभा राहिला, आमच्याकडे त्याची पाठ.

“बा देवा म्हाराजा! आज परबांची लेक वृषाली तुझ्या पायांकडे उभी आसा.”

“व्हय म्हाराजा!”

“तिका मस्कतचा स्थळ सांगान इला हा.”

“व्हय म्हाराजा!”

“माणूस बरो आसा. घर बरा आसा.”

“व्हय म्हाराजा!”

“थय ती सुखी होतली तर उजवो दी. नाय होतली तर डावो दी. तुझो शब्द तोच तिचो शब्द, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

ढोलावर हलकी टिपरी वाजायला लागली. दिगूने दोन कळे उचलले. हात पाषाणापर्यंत गेला आणि थांबला. मला दिसत होतं, बोटांतून पाणी ठिबकत होतं. मी डोळे मिटले. आता पडणार. उजवाच पडणार. आत्याचा पदर मी इतका आवळला की पिन तुटली.

कळा पडल्याचा आवाज होत नसतो, तरी मी कान देऊन ऐकत होते. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर दिगू कळे परत तबकात ठेवत होता.

“बा देवा म्हाराजा!” तो पुन्हा म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. “कळे लावणाराचो हात निर्मळ होयो, असो नेम तूच घातलंस.”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्यो हात निर्मळ नाय.”

“व्हय…” अर्धे म्हणाले, अर्धे चपापले.

“ह्या हाताक डावोच कौल होयो आसा. ह्या हातान कळे लावलंय तर ती लबाडी होतली. कित्याक, तर…” तो थांबला. त्याचे कान मागून लालबुंद दिसत होते. “कित्याक, तर हिका मस्कताक धाडूचा माझ्या जीवार येता. माका ती आवाडता, रे म्हाराजा!”

ढोल बंद पडला.

होकार आला नाही. एकाचाही नाही. मानकऱ्याच्या घरातली लेक आणि गुरवाचा मुलगा, आणि तेही भर देवळात, देवाला सांगून! आबाकाकांची मान मागून फुगत चालली होती. दिगू तसाच उभा होता, हात जोडून, देवाकडे बघत, वळायची हिंमत नसलेल्या माणसासारखा. त्याचं गाऱ्हाणं मंडपात लटकलं होतं, काकीने सांगितलं तसं, आणि कुणीही ते पुढे ढकलत नव्हतं. मी आत्याकडे बघितलं. तिचा चेहरा कोरा राहिला नव्हता. ओठ थरथरत होते. तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं. ते मी ओळखलं. त्यात माझ्याइतका अनुभव त्या अख्ख्या मंडपात कुणाला असणार?

“व्हय म्हाराजा!”

फार मोठ्याने. सूर चुकलेला, शेवटी चिरकलेला. सगळी डोकी वळली तेव्हा मला कळलं की हे मी ओरडले.

आणि मग कोपऱ्यात पेंगणारे एक आजोबा दचकून जागे झाले आणि सवयीने म्हणाले, “व्हय म्हाराजा!” त्यांच्या शेजारच्याने म्हटलं. ढोलवाल्याने म्हटलं. आणि लहानपणापासून तोंडात बसलेलं ते वाक्य अख्ख्या मंडपातून धो धो बाहेर पडलं, “व्हय म्हाराजा!” घंटासुद्धा कुणीतरी वाजवली. त्यानंतर गावाला समजलं की आपण कशाला हो म्हटलं. बायकांनी पदर तोंडात कोंबले.

“कोण ता पयला ओरडला?” आबाकाका गरजले.

“मी,” मी म्हणाले. ऐकू गेलं सगळ्यांना.

“तुका मगे बघतंय! दिगू! ह्या काय चालवलंस? गुरवाच्या पोरान परबांच्या लेकीवर देवळात…”

“आबा, थांबा,” बाबी गुरव खांबापासून उठत म्हणाले. “नेमाप्रमाणा केल्यान तेना. मनात असा ठेवन कळे लावल्यान असते, तर तुमीच तेका देवळाभायर काढलास असतास. आता तेना आधीच सांगितल्यान म्हणून पण काढतास?”

आबाकाकांनी देवाकडे बघितलं. मानकरी असल्यामुळे नेम तर त्यांनाच राखायचा होता. “बरा,” ते शेवटी म्हणाले. “वरच्या वाडीतल्या गुरवाक हाडा. तेचो हात निर्मळ आसा. तो लावतलो कळे.”

एक माणूस चपला घालायला वळलासुद्धा. म्हणजे मी एवढं ओरडून काहीच झालं नव्हतं! दुसरा गुरव येणार, शांतपणे कळे लावणार, उजवा पडणार…

“थांबा,” आत्या म्हणाली.

चपला घालणारा थांबला.

“कुणाला आणू नका. कौल नको, आबाकाका.”

“नको म्हणजे? मस्कताक व्हय की नाय? काय कळवू तेंका?”

आत्याने माझ्या मुठीतून आपला पदर सोडवला, खांद्यावर नीट घेतला.

“नाही,” ती म्हणाली. “मीच फोन करते त्यांना. चांगला माणूस आहे, त्याला नीट सांगायला हवं.”

“देवाक न इचारता?”

“देवाला मी शब्द दिला होता. तो परत मागतेय. त्याचा दंड असेल तो भरीन, सांगा काय करायचं ते.” मग ती गाभाऱ्याकडे वळली. “आणि डॉक्टर, तुम्ही. इकडे बघा.”

दिगू वळला. भूल उतरताना बंड्याचे डोळे असेच झाले होते.

“देवाला सांगितलंत. गावाला सांगितलंत. मला कधी सांगणार होतात?”

“कुत्रो बरो झाल्यावर,” तो म्हणाला.

मग मंडपात जे हसणं उसळलं ते आवरायला आबाकाकांना ढोल वाजवायला सांगावं लागलं. आत्यासुद्धा हसत होती. मोठ्याने, डोळे पुसत.

“कुत्रा केव्हाच बरा झालाय,” ती म्हणाली. “उद्या घरी या. बॅग न घेता.”

दंड म्हणून आबाकाकांनी तिला अख्ख्या मंडपासाठी नारळ फोडायला लावले. दिगूशी ते एक अक्षर बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या त्यांनी काकीला सांगितलं की डॉक्टर येतलो, तर दूध जास्त ठेव.

दिगू आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, आणि मित्राची मागून आणलेली फटफटी. अंगणात ती लावताना दोनदा कलंडली. मी दाराआड उभी होते आणि देवळात होते त्याहून जास्त घाबरले होते. तिथे निदान कुणाला काय म्हणायचं ते ठरलेलं होतं. इथे ती नाही म्हणाली तर?

“मी काल जे बोललो,” दिगू म्हणाला, “ते मालवणीत जरा… म्हणजे इथे तसं… मला म्हणायचं होतं की…” आणि तो अडकला.

“समजलं मला मालवणी,” आत्या म्हणाली. “आता माझं ऐका. मी हो म्हणत नाहीये. माझं आत्ताच एक लग्न मोडलंय आणि मला घाई करायची नाही. मी ठाण्याला जाणार. दवाखान्यावरची त्याच्या नावाची पाटी अजून तशीच आहे, ती आधी उतरवणार. पावसाळा संपला की तुम्ही या. तेव्हा मी विचारीन, तुम्हाला अजून मी आवडते का. आणि मग मला जे वाटेल ते सांगीन. चालेल?”

“चालेल,” दिगू म्हणाला. उठला, नमस्कार केला, चहा तसाच ठेवला, पायऱ्या उतरला, फाटक उघडलं आणि खाडीच्या रस्त्याने चालायला लागला. ताठ मानेने, भरभर, पायी.

फटफटी अंगणात उभी होती.

“आत्या! गाडी!” मी दाराआडून धावत बाहेर आले. “हाक मारू त्यांना?”

“नको,” ती म्हणाली. ती पायरीवर बसली होती, हनुवटी गुडघ्यांवर टेकून, रस्त्याकडे बघत. “वळणापर्यंत जाऊ दे. मग येईल परत.”